कल्हईची बारी

मित्रांनो, माझं बाहेरचं रूप बघून मत बनवू नका. जवळ या, कडेला हात ठेवा आणि आधी माझ्या पोटात डोकावून बघा. आत पांढरं दिसतंय ना? मग बसा. आता सांगतो.

मी भोकरवाडीच्या गावकीचा टोप आहे. तांब्याचा, जाड बुडाचा, दोन कड्यांचा. कड्यांतून बांबू घालायचा आणि दोन गड्यांनी मला खांद्यावर उचलायचं. वाडीतल्या साऱ्या घरांची डाळ माझ्यात एका वेळी शिजते. भोकरवाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर आहे. गुरं, नाचणी, वरी आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर, यावर ती जगत आली. महाडच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. त्याच्या हातोडीच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत, बोट फिरवलं तर लागतात. मला विकत घेण्याची ऐपत वाडीत एकट्या कुणाची नव्हती. घरटी वर्गणी निघाली, तेव्हा मी आलो. कुणा एकाचा नव्हतो, म्हणून सगळ्यांचा झालो.

लग्न असो, बारसं असो, बारावं असो, मी पुढे. देवळाच्या माळ्यावरून मला खाली काढायचं, तीन दगडांवर बसवायचं, काम झालं की घासूनपुसून परत माळ्यावर. माझ्यात शिजलेलं कुणी जेवलं नाही असं घर वाडीत नव्हतं. मी मोठा ऐटीत असायचो.

पण तांब्याच्या भांड्याला एक पथ्य असतं. आतून कल्हई लागते. कल्हई म्हणजे कथलाचा पांढरा मुलामा. तो असला की माझ्यात काहीही शिजवा. तो गेला आणि आत लाल तांबं उघडं पडलं, की आंबट पदार्थ माझ्यात कळकतो. त्याचं विष होतं. हे वाडीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

म्हणून रीत अशी होती, की दर वर्षी शिमगा झाला की एका घराने मला कल्हई करून आणायची. बारी लागायची. यंदा या घराची, पुढल्या वर्षी शेजारच्या घराची, अशी ओळीने. महाडहून जहांगीर कल्हईवाला भाता घेऊन यायचा. ज्याची बारी असेल तो त्याला चहा-भाकरी द्यायचा, त्याचे पैसे द्यायचा आणि मला बांबूवरून गावभर मिरवत देवळात आणायचा. बारी म्हणजे कटकट असं सगळे बोलून दाखवत. पण बारी चुकली तर माणूस रुसायचा, हेही मी पाहिलेलं आहे.

आता मधली गोष्ट सांगतो. ही सांगताना मला राग येतो. आला तर येऊ दे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोकण रेल्वेची गाडी तेव्हा वीरपर्यंत यायला लागली होती. मुंबईच्या मेथॉडिस्ट चर्चचे एक पाळक होते, सामुवेल नावाचे. पाळक म्हणजे त्यांचे धर्मगुरू. मराठीच माणूस, बोलायला मऊ, चालायला टणक. त्यांच्या चर्चमधली पोरं चाळीत आणि झोपडपट्टीत वाढलेली. त्यांना सुट्टीत आठ-दहा दिवस डोंगरावर आणावं, गाणी म्हणावीत, प्रार्थना करावी, मोकळ्या हवेत पळवावं, असं पाळकांच्या मनात होतं. ते जागा शोधत हिंडत होते. वरंधपासून पोलादपूरपर्यंत पायी फिरले. शेवटी भोकरवाडीच्या वरचा माळ त्यांना आवडला.

तो माळ रामजीचा होता. नुसता कातळ. त्यावर गवतही कष्टाने यायचं. रामजीने तो माळ चर्चला विकला. स्वतःची जमीन, स्वतःच्या राजीखुशीने. पहिल्या मे महिन्यात पाळकांनी तिथे राहुट्या ठोकल्या. पोरं आली. संध्याकाळी पेटी आणि ढोलकीवर त्यांची भजनं चालायची, ती खाली देवळापर्यंत ऐकू यायची. चाल ओळखीची, शब्द नवे. रामजीची बायको चंद्राबाई वर पाणी भरून द्यायची आणि पोरांना करवंदं दाखवायला न्यायची.

वाडीचं पित्त खवळलं. हे लोक आपल्याला बाटवायला आलेत, असं बोलणं सुरू झालं. भीती वाटणं मी समजू शकतो. अनोळखी माणूस शेजारी आला की भीती वाटते. विचारायचं असतं त्याला, तू कशाला आलास म्हणून. पाळक स्वतः देवळाच्या पायरीपाशी येऊन सांगून गेले, की माळ घेतलाय, माणसं घ्यायला आलो नाही. पण गावकीचा पुढारी होता गोमाजी. त्याला माणसांची भीती नव्हती. आपल्याला न विचारता रामजीने व्यवहार केला, हे त्याला सलत होतं. देवाधर्माचं नाव पुढे केलं, मागे होता तो मान. मी माळ्यावर बसून सगळ्या बैठका ऐकल्यात. मला कुणी शिकवू नये.

शिमग्याच्या बैठकीत रामजीचं घर वाळीत टाकलं. वाळीत म्हणजे काय, ते शहरातल्या पोरांना ठाऊक नसेल. त्या घराशी कुणी बोलायचं नाही. त्यांच्या लग्नाला जायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. त्यांनी देवळात यायचं नाही. त्यांना गावकीची भांडी मिळणार नाहीत. बोलेल त्याला दंड. आणखी एक ठरलं. चर्चवाल्यांनी माळापर्यंत ट्रक जाईल असा कच्चा रस्ता काढला होता. वाडीला आयुष्यात पहिल्यांदा गाडीचा रस्ता मिळाला होता. त्या रस्त्यावर वाडीतल्या कुणी पाय ठेवायचा नाही. म्हणजे दुखणाईत माणूस पूर्वीसारखाच डोलीत घालून डोंगर उतरवायचा. हे शहाणपण.

आणि त्या वर्षी माझ्या कल्हईची बारी नेमकी रामजीची होती.

रामजी आला. देवळाच्या पायरीखाली उभा राहिला. म्हणाला, टोप द्या, बारी माझी आहे, कल्हई करून आणतो. त्याच्या आजाने माझ्यासाठी वर्गणी दिलेली होती. गोमाजीने त्याच्याकडे न बघता शेजारच्या माणसाला सांगितलं, "त्याला म्हनाव, टोपाला हात नाय लावायचा."

रामजी आला तसा परत गेला.

मग बैठकीत प्रश्न निघाला, की टोपाला कल्हई कोण करणार. रामजीच्या पुढचं घर भिकाजीचं. सगळ्यांनी भिकाजीकडे पाहिलं. भिकाजी म्हणाला, "माझी बारी पुढल्या सालाला. त्याची बारी मी काय म्हनून करू?"

"मग रामजीची बारी तशीच ऱ्हायली की," कुणीतरी म्हणालं.

"ऱ्हाऊ दे. बारी त्याची हाय, लाज त्याला," भिकाजी म्हणाला.

बघा मित्रांनो. त्याला हात लावू द्यायचा नाही, आणि काम मात्र त्याच्याच नावावर ठेवायचं. असली अक्कल फक्त गावकीला सुचते. त्या वर्षी जहांगीर वाडीत चक्कर टाकून गेला. कल्हईचा धंदा बसला होता, स्टीलची भांडी आली होती, म्हणून त्याने टेंपो घेतला होता. वीर स्टेशनवरून चर्चवाल्यांचं सामान तोच आणायचा. पण भाता त्याने मोडला नव्हता, टेंपोत मागे टाकलेला असायचा. टोप काढा, म्हणाला. गोमाजी म्हणाला, बारीवाला नाय. जहांगीर हसून निघून गेला. त्याला वाटलं, थट्टा असेल.

मी माळ्यावर राहिलो. आतली कल्हई झिजून पोट जागोजागी लाल झालं होतं.

मे महिना आला. चर्चच्या शिबिराच्या जागेची पायाभरणी ठरली. पत्र्याचं मोठं सभागृह, मुलांच्या खोल्या, एक स्वयंपाकघर. नाव ठरलं 'विसावा'. मुंबईहून त्यांचे मोठे साहेब येणार होते, कोनशिला बसवणार होते. रामजी-चंद्राबाई वर राबत होती. वाडीतली काही माणसंही येतील, अशी पाळकांना आशा होती. सगळ्यांना जेवायला या म्हणून निरोप आला होता.

गोमाजीने त्याच दिवशी गावची सत्यनारायणाची पूजा लावली. मुंबईकर सुट्टीला आलेलेच असतात, पूजा मे महिन्यात असतेच. पण तारीख त्याने मुद्दाम धरली. माणसं खाली जेवली, की वर कोण जाणार?

पूजेचा स्वयंपाक पुरुष करतात, अशी आमच्याकडे रीत. बायकांना कुणी विचारत नाही. आदल्या दिवशी मला खाली काढलं आणि घासायला दिलं जितेशकडे. हा भिकाजीचा मुलगा, परळला एका दुकानात कामाला. मनाने चांगला. पण काय करू नये ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने चिंच, राख आणि बारीक वाळू घेतली आणि मला बाहेरून असं घासलं की माझ्या अंगात लोकांची तोंडं दिसायला लागली. मग तो आत उतरला, म्हणजे अक्षरशः माझ्यात वाकून उतरला, आणि आतूनही घासलं. जी काही कल्हई तग धरून होती, तीही गेली. आतलं तांबं लालबुंद चमकायला लागलं.

"बघ बाबा, एकदम टकाटक," जितेश म्हणाला. "आतून पन नवा."

भिकाजीने मान डोलावली.

गरमी फार होती. जितेश म्हणाला, आमटी नको, कढी करू, कूल वाटेल. घराघरातून ताक गोळा झालं. वाडीत गुरं भरपूर, ताकाला तोटा नाही. सकाळी धावपळ नको म्हणून सगळं ताक संध्याकाळीच माझ्यात ओतून ठेवलं. रात्रभर राहणार होतं.

ओतत असताना चंद्राबाई वरून पाणी घेऊन घरी चालली होती. वाट देवळाच्या मागून जाते. ती थांबली. डोक्यावरचा हंडा एका हाताने धरून तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाळीत टाकलेलं होतं. बोललं तर कुणी उत्तर देणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. तरी बोलली.

"आवो, तो टोप आतनं लाल हाय. त्यात ताक नका ठेवू. कळकंल."

कुणी वर पाहिलं नाही. गोमाजीची बायको तिथेच कोथिंबीर निवडत होती. तिने ऐकलं. तिचे हात थांबले. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि परत कोथिंबीर निवडायला लागली. दंडाची भीती.

जितेशने हळूच विचारलं, "काय म्हनते ती?"

"काय नाय. तू वत," भिकाजी म्हणाला.

मला तोंड आहे, मित्रांनो, पण आवाज नाही. असता तर त्या दिवशी ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. कढी उकळली. रंग जरा हिरवट वाटला, लोक म्हणाले कोथिंबीर जास्त पडली. चव जरा तुरट वाटली, त्यात गूळ आणि मिरची वाढवली. पंगती बसल्या. ऊन मी म्हणत होतं. कढीच्या वाट्या भराभर रिकाम्या होत होत्या. वरच्या माळावरून पेटीचा सूर येत होता.

पहिली पंगत उठते न उठते तोच एक पोरगा कुडाच्या आडोशाला जाऊन ओकला. लोक हसले, म्हणाले, हावऱ्यासारखं खाल्लंन. मग दुसरा. मग बायकांच्या पंगतीत दोघी-तिघी. मग कुणी हसेना. पोट धरून माणसं अंगणात बसायला लागली. सगळ्यात वाईट हालत मैनाची झाली. मैना म्हणजे गोमाजीची नात, पहिलीत जाणारी. तिला कढी आवडायची, तिने वाटीवर वाटी प्यायली होती. ओकून ओकून तिचे डोळे वर गेले. गोमाजी तिला हातावर घेऊन देवळासमोर उभा होता. त्याला काय करावं ते कळत नव्हतं.

आणि तेवढ्यात भिकाजी ओरडला, की पाणी बिघडवलंय. वाडीचं पाणी रामजीच्या माळाजवळच्या झऱ्यावरून येतं. वरच्यांनी त्यात काहीतरी टाकलं. झालं. ज्यांच्या अंगात ताकद उरली होती, त्यांनी काठ्या शोधायला सुरुवात केली. त्यांना औषधाआधी काठी आठवली. मी चुलीवर बसलो होतो, माझ्या पोटात उरलेली कढी होती आणि माझ्याकडे एकानेही बघितलं नाही. मला वाटलं, आता रामजीचं घर कायमचं गेलं. आज गेलं.

आरडाओरडा ऐकून रामजी आणि चंद्राबाई वरून धावत आली. रामजीला देवळाच्या आवाराबाहेरच एकाने काठी आडवी घालून अडवलं. चंद्राबाई थांबली नाही. ती काठीखालून वाकून आत आली. देवळाच्या अंगणात तिचा पाय पडला. ती सरळ गोमाजीपुढे जाऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केले.

"दंड मागनं लावा, भावजी. आधी पोरगी द्या."

गोमाजी एक पाऊल पुढे आला. मग त्याने मैनाला तिच्या हातात दिलं.

चंद्राबाई त्या बंदी घातलेल्या रस्त्याने वर पळाली. तिच्या मागे गोमाजी. त्याच्या मागे सगळी वाडी, पोटं धरून, एकमेकांना आधार देत. त्या रस्त्यावर गावाचा तो पहिला पाय.

वर प्रार्थना चालू होती. मोठे साहेब उभे होते, कोनशिला तयार होती, घमेल्यात सिमेंट कालवलेलं होतं. पाळकांनी खालून येणारी माणसं पाहिली आणि अर्ध्या वाक्यात प्रार्थना थांबवली. पुढचं 'आमेन' त्यांनी धावतच म्हटलं असेल. जहांगीरचा टेंपो तिथेच होता. त्यातली बाकं खाली फेकली, राहुटीच्या ताडपत्र्या आत अंथरल्या. साहेबांची जीपही दिली. कोण हिंदू, कोण ख्रिस्ती, कोण मुसलमान, हे विचारायला त्या दिवशी कुणाला सवड नव्हती. पाळकीणबाई, म्हणजे पाळकांची बायको, टेंपोत चढून ओकणाऱ्यांची डोकी मांडीवर धरून बसली. तिची पांढरी साडी होती, नवी. जहांगीर एकच वाक्य बोलला, असं नंतर सगळे सांगायचे. म्हणाला, "गोमाजीशेट, बसा पुढं, पोरीला उभं धरा, आन् रस्त्याला शिव्या देऊ नका, ह्योच वाचवील."

टेंपोने पोलादपूरच्या दवाखान्यात दोन-तीन खेपा केल्या. सलाईन लागली. तिथल्या डॉक्टरने विचारलं, काय खाल्लं. भिकाजी पडल्या पडल्या पाण्याचं सांगायला लागला. डॉक्टर म्हणाले, वरच्या लोकांनीही तेच पाणी प्यायलंय ना, मग ते कसे उभे आहेत? कढी कशात केली होती?

गोमाजी मैनाच्या खाटेशी बसला होता. त्याने सांगितलं, टोपात. तांब्याच्या.

"कल्हई होती का?"

गोमाजीने नाही म्हणून मान हलवली. बोलायचं होतं ते चंद्राबाईने आदल्या दिवशीच बोलून टाकलं होतं.

दिवेलागणीला मैनाने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मग थोड्या वेळाने विचारलं, पूजेचा शिरा उरलाय का. ते ऐकून गोमाजीची बायको तोंडाला पदर लावून रडली आणि हसलीसुद्धा. एकही माणूस दगावला नाही, मित्रांनो. एकही नाही. आज इतक्या वर्षांनी सांगतानाही मला हलकं वाटतं.

पण माझं काय? दुसऱ्या दिवशी मी देवळापुढे उपडा पडलो होतो. कढी ओतून टाकलेली, अंगावर माश्या. माणसं परत आली आणि त्यांनी मला लाथा घातल्या. विषारी टोप, भंगारात द्या, महाडला नेऊन मोडीत काढा. जितेश बिचारा खाली मान घालून बसला होता, त्याला वाटत होतं सगळं त्याच्यामुळे झालं. मी काय केलं होतं? मी विषारी नव्हतो. मला एकाने सांभाळायचं होतं, त्याला हात लावू दिला नाही, आणि दुसऱ्याने हात लावला नाही. मला टाकून दिलं, नंतर विष म्हटलं. रामजीलाही तसंच केलं होतं.

बैठक बसली. भिकाजी म्हणाला, टोप विकून टाकू. दोन-चार जणांनी मान डोलावली. मग सगळे गोमाजीकडे वळले. तो माफी मागणारा माणूस नव्हता. आजही नाही. मी त्याला चांगला ओळखतो. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला,

"टोपाचा काय दोष? बारी रामजीची व्हती. गावाने त्याला करू दिली नाय."

मग त्याने शेजारच्या माणसाला सांगितलं,

"त्याला बोलवा. म्हनाव, बारी ऱ्हायलीय तुझी. शिमगा होऊन गेला, आजून टोप आतनं लाल हाय, लाज वाटत नाय का. उद्याच्या उद्या कल्हई करून आन."

ऐकणाऱ्याला वाटेल, हा खवचटपणा आहे. माळ्याखाली बसलेल्या एकालाही तसं वाटलं नाही. बारी लावली म्हणजे काय, ते भोकरवाडीत पोरासोरांना कळतं. वाळीत टाकलेल्या घराला बारी नसते. ज्याला बारी आहे, तो गावाचा आहे. रामजी आला, पायरी चढला, देवापुढे हात जोडले आणि मला उचलायला वाकला. दोन माणसांनी उचलायचं वजन आहे माझं. त्याने एकट्याने उचलायचा हट्ट धरला. मग जितेश उठला आणि त्याने दुसरं कडं धरलं. "काका, दुसरी साइड मी पकडतो," म्हणाला. रामजी त्याला म्हणाला, "पकड रं. पन घासू नको मेल्या." लोक हसले. शिमग्यापासून त्या देवळात असं मोकळं हसू ऐकलं नव्हतं.

मला वर माळावर नेलं. जहांगीरने टेंपोतून भाता काढला, खड्डा खणला, कोळसा पेटवला. मला तापवलं, आतलं तांबं साफ व्हायला नवसागराची पूड टाकली. पांढरा धूर निघाला, मुंबईची पोरं खोकत खोकत लांब पळाली आणि परत जवळ आली. मग जहांगीरने कथलाची कांडी माझ्या अंगाला लावली आणि कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवली. लाल पोटावर पांढरा मुलामा पसरत गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, त्या वेळी मला कसं वाटलं, ते सांगायला मला नीट शब्द नाहीत. तापातून उठलेल्या माणसाला पहिल्या आंघोळीनंतर वाटतं, तसं म्हणा. पैसे मात्र रामजीने दिले, पाळक देत होते तरी देऊ दिले नाहीत. बारी त्याची होती.

कोनशिला त्यानंतरच्या रविवारी बसली. आधीचं सिमेंट घमेल्यातच दगड झालं होतं. ते घमेलं तसंच फाटकाशी ठेवलंय, पोरं त्यावर बसतात. त्या दिवशी डाळ माझ्यात शिजली. त्याआधी माझ्यात शिजलं ते फक्त गावकीचं. गावाबाहेरच्या लोकांबरोबरचं हे पहिलं जेवण होतं. वाडीतली माणसं आली, सगळी नाही, पण आली. गोमाजी पंगतीत बसला आणि डाळ दुसऱ्यांदा मागून घेतली. मैना पाळकीणबाईच्या मांडीवर झोपली होती.

जेवण झाल्यावर गोमाजी पाळकांकडे गेला आणि म्हणाला, "रामजीची बारी झाली. पुढल्या सालाला भिकाजी. त्याच्या पुढल्या सालाला तुमची."

पाळकांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, गावाने काहीतरी काम गळ्यात मारलं. ते रामजीला विचारायला लागले, की कसली बारी, किती खर्च येतो. चंद्राबाई भांडी घासत होती. ती म्हणाली, "पाळकसाब, खर्चाचं काय विचारता. तुमाला गावात घेतलं."

तेव्हापासून 'विसावा' शिबिराची बारी लागते. दर उन्हाळ्यात पोरं येतात, गाणी म्हणतात, डोंगर चढतात. वाडीतला एकही माणूस बाटला नाही, आणि शिबिरातला एकही माणूस देवळात यायला लाजला नाही. गावचा रस्ता पुढे डांबरी झाला, त्यावरून आता एस.टी. येते. वाळीत टाकणं संपलं का? सगळीकडे नाही संपलेलं. या डोंगरांत अजून अशा बैठका बसतात, मी खोटं बोलणार नाही. पण भोकरवाडीत त्यानंतर बसली नाही.

आता अॅल्युमिनियमचे टोप आलेत. हलके आहेत, एकट्या बाईला उचलता येतात, त्यात वाईट काही नाही. गावाने मला देवळाच्या माळ्यावरून शिबिराच्या स्वयंपाकघरात आणून ठेवलंय, बराच काळ मी तिथे भिंतीला टेकून असतो. मोठं जेवण असलं की मला बाहेर काढतात. जहांगीर म्हातारा झालाय. त्याचा मुलगा कुवेतला आहे, त्याला कल्हई येत नाही. याची मला काळजी वाटते. ती लपवत नाही.

म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो. पुढेमागे तुम्ही या माळावर परत आलात, तर भिंतीशी असलेल्या माझ्याजवळ या. बाहेरून मी काळा असेन, चुलीवर बसणाऱ्याचं ते काळेपण आहे, त्याला घाबरू नका. आत डोकावा. पांढरं दिसलं, तर पानं मांडा आणि जेवायला बसा, कुणालाही शेजारी बसवा. लाल दिसलं, तर बारी कुणाची ते विचारत बसू नका. मला उचला आणि कल्हईला न्या.